विलासचा नकाशा आणि माझे आठ दिवस

आर्णीच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. माझ्या बॅगेचं एक चाक गावातून येतानाच तुटलं होतं, म्हणून बाबांनी बॅग खांद्यावर घेतली होती. कंडक्टर "काकाजी, खाली ठेवा, डिक्कीत टाकतो" म्हणत होता तरी ते ती उतरवायला तयार नव्हते. आईनं जवसाची चटणी दोन पिशव्यांत बांधून दिली होती आणि ती फुटू नये म्हणून माझा एक स्वेटर तिच्याभोवती गुंडाळला होता. तो स्वेटर पुढे वर्षभर जवसाचा वास देत राहिला.

बाबांच्या ओळखीचे एक मास्तर तिथं भेटले. पोरगी कुठं चालली, त्यांनी विचारलं. जर्मनीला, म्हणून बाबांनी सांगितलं. काय शिकायला, यावर बाबा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, ढगांचा अभ्यास आहे, उपग्रहावरून.

"ढग पाहाले इतक्या दूर कायले जा लागते?" बाबा म्हणाले. "आपल्या वावरावर काय कमी ढग हायेत?"

मास्तर हसले, कंडक्टर हसला, मीही हसले. पण गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली तरी माझे कान गरम होते. त्या प्रश्नाचं उत्तर मी खिडकीशी बसून दहा वेळा मनात जुळवलं. बाबांना ते कधीच दिलं नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले काही गावातच राहिलात, काही माझ्यासारखे निघून आलात. दोघांनाही हे सांगायचं आहे. दूर गेलेल्या माणसाला घराची आठवण येते असं सगळे म्हणतात, आणि ती येतेच. पण मला आठवणीपेक्षा जास्त जे छळत आलं ते सांगायला सोपं नाही. मला हेवा वाटतो. गावातल्या माणसांचा वाटतो, गावी जाऊन येणाऱ्यांचा वाटतो, आणि एका माणसाचा तर इतका वाटला की मी चुकीचं वागले.

आधी काम सांगते. जर्मनीतल्या आमच्या संस्थेत गेल्या कित्येक वर्षांची हवामान उपग्रहांची चित्रं साठवलेली आहेत. दर अर्ध्या तासाला एक अख्खी पृथ्वी. चित्र म्हणजे खरं तर नुसते आकडे, या ठिपक्यावर इतका उजेड, त्या ठिपक्यावर इतका. पण उपग्रहाचा डोळा वर गेल्यापासून हळूहळू मंदावत जातो आणि खाली आणून तो दुरुस्त करता येत नाही. पाच वर्षांनी तसाच ढग त्याला जरा मळका दिसतो. ढग मळका आहे की डोळा, हे शोधणं म्हणजे कॅलिब्रेशन. एक उपग्रह थकला की दुसरा येतो, त्याचा डोळा आणखी वेगळा. या सगळ्यांनी पाहिलेलं एका मापात आणलं, की पृथ्वीवर कुठं किती ढग असत आले आणि ते वाढताहेत की घटताहेत हे सांगता येतं.

माझे पहिले सहा महिने या चित्रांतल्या खराब ओळी वेचून काढण्यात गेले. मध्येच एक ओळ काळी, कुठं वेळेची नोंद चुकलेली, कुठं अर्धी पृथ्वीच गायब. ऑफिसात कोणाला यवतमाळ माहीत नव्हतं. माझ्या पडद्यावर मात्र ते रोज असायचं. आमच्या नकाशाच्या एका चौकोनात आर्णी, बाभुळगाव, आमचं गाव, सगळं मावायचं. मी घरी फोन करून सांगायची, "बाबा, परवा तुमच्यावर दिवसभर ढग होते." बाबा म्हणायचे, "होते ना. आमी पाह्यले." पुढं बोलण्यासारखं काही उरायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं की पण तू करतेस काय नेमकं, तेव्हा मी कामाच्या गडबडीत होते. ते नंतर सांगते, असं म्हटल्याचं मला आठवतं. त्यांना वेगळं आठवत होतं, ते मला पुढं कळलं.

विलास तिसऱ्या वर्षी आला. ऑफिसच्या स्वयंपाकघरात माझ्या मागं कोणाच्या तरी हातून कॉफीचा मग पडला आणि आवाज आला, "अरे बाप्पा!" मी वळले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, उंच, नवीन जॅकेटची चिठ्ठीसुद्धा न काढलेला मुलगा फरशी पुसत होता. मी मराठीत विचारलं तसा तो उठून उभा राहिला. "ताई, तुमी आपल्याकडच्या? मी वणीचा." त्याचे वडील कोळशाचे ट्रक दुरुस्त करायचे. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो आणि घरी जाताना ट्राममध्ये मला रडू आलं. तीन वर्षांत कोणी माझ्याशी तसं बोललं नव्हतं.

ते सुख दोन-तीन महिने टिकलं. मग एकेक गोष्ट टोचायला लागली. पुण्याला शिकताना होस्टेलवर मी 'मले' म्हणाले की मुली हसायच्या, पुन्हा म्हणून दाखव म्हणायच्या. मी एका वर्षात ती भाषा तोंडातून काढून टाकली होती. विलासनं काहीच काढलं नव्हतं. तो फोनवर मोठ्यानं वऱ्हाडीत बोलायचा, मोडक्या जर्मनमध्ये इमारतीच्या रखवालदाराशी गप्पा मारायचा, आणि दोघंही हसायचे. मी तिथं तीन वर्षं काढली तरी त्या रखवालदाराला माझं नाव माहीत नव्हतं. आमच्या प्रमुख बाई माझं काम ईमेलवर तपासायच्या. विलासच्या टेबलाशी मात्र त्या आपली खुर्ची ओढून बसायच्या. तो हुशार होता. हुशार नसता तर मला बरं वाटलं असतं.

मग तो दिवाळीला गावी निघाला. मला त्या वर्षी सुट्टी नव्हती. आईसाठी रक्तदाबाचं यंत्र घेऊन ठेवलं होतं, ते मी त्याच्याकडं दिलं. यवतमाळला माझा भाऊ मनोज राहतो, त्याला दे म्हणून सांगितलं. पण विलास थेट आमच्या गावी गेला आणि दोन दिवस राहिला. बाबांनी त्याला टेकडीवरचं वावर दाखवलं. ते आमचं सगळ्यात वरचं शेत, तिथवर गाडी जात नाही. बाबा पाहुण्यांना खालूनच हात करून ते दाखवतात. मला तिथं शेवटचं नेलं तेव्हा मी सातवीत होते.

रविवारी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत. आवाजात उत्साह होता.

"विलासनं सांगतलं तुमचं काम. आता समजलं मले."

"काय समजलं?"

"अवं, जिनिंगवरचा कापसाचा काटा खरा हाये का खोटा, हे पाहाचं असन त जिचं वजन बदलत नाही अशी चीज त्याच्यावर ठेवाची. तसे तुमी वाळवंटं पाहाता म्हने. वाळवंटाचा उजेड बदलत नाही. तिथं उपग्रहाले कमी दिसलं का समजाचं, त्याच्या डोयात फरक पडला."

बरोबर होतं. पहिल्या दिवशी आम्ही नव्या माणसाला जे शिकवतो ते बाबांनी एका दमात सांगितलं होतं. मी म्हणाले, "हे तर मीच सांगणार होते तुम्हाला."

"तू कवा सांगतलं? तू त म्हने, बाबा, तुमाले नाही समजाचं ते."

मी असं म्हणाले नव्हते, असं मला वाटत होतं. आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण बाबा खोटं बोलत नाहीत, आणि इतकी वर्षं ते वाक्य त्यांनी सांभाळून ठेवलं होतं.

त्यानंतर प्रत्येक फोनवर विलास यायचा. विलास कसा हाये? विलासले म्हणा, तूर चांगली आली. एकदा आई सहज म्हणाली, "तुह्या बाबाले एक पोरगा भेटला बाई." मनोजला हे खटकलं की नाही, मला माहीत नाही. मला खटकलं. माझ्या आईबाबांना माझ्या कामातलं कळावं ही माझी जुनी हौस होती, आणि ती दुसऱ्याच्या हातून पूर्ण झाली होती. सुट्टीवरून परतला तेव्हाच ऑफिसात विलासनं बाबांनी दिलेल्या तिळाच्या वड्या माझ्यासमोर धरल्या, "घ्या ताई, घरच्या हायेत." माझ्याच घरच्या वड्या तो मला देत होता. मी एक घेतली आणि खाल्ली नाही.

पुढच्या मे महिन्यात विलासचा नकाशा आला.

त्यानं मध्य भारतावरच्या पावसाळी ढगांचा सगळा काळ एकत्र करून घटवाढ काढली होती. विदर्भावर एक तपकिरी डाग होता. तपकिरी म्हणजे ढग घटलेले. प्रमुख बाईंना तो नकाशा इतका आवडला की वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या बैठकीत त्यानंच तो मांडावा असं त्यांनी ठरवलं. देशोदेशींची माणसं येणार होती. विलासनं मला फाइल पाठवली. खाली लिहिलं होतं, 'ताई, एकदा नजर टाका. आपलाच जिल्हा हाये.'

मी नजर टाकली. दहा मिनिटांत मला चूक दिसली. ढग वर्षावर्षाला थोडे थोडे घटत गेले नव्हते. ते एकाच महिन्यात एकदम खाली आले होते आणि मग तिथंच राहिले होते. तो महिना मला पाठ होता. त्याआधी हिंदी महासागरावर आमच्या साठ्यातला उपग्रहच नव्हता. विदर्भ दिसायचा तो पश्चिमेकडच्या उपग्रहाला, अगदी कडेला, तिरपा. तिरपं पाहिलं की ढगांच्या बाजू दिसतात, मधल्या फटी झाकल्या जातात आणि आभाळ जास्त भरलेलं वाटतं. मग एक उपग्रह सरकवून महासागरावर आणला, तो बराचसा वरून पाहायला लागला आणि फटी दिसायला लागल्या. ढग तेवढेच होते. या कोनासाठी आम्ही एक दुरुस्ती करतो. जुन्या तुकड्याला ती लागलेलीच नव्हती. कोणाच्याही हातून होईल अशी चूक होती. माझ्या हातून याहून मोठ्या झाल्या आहेत आणि दुसऱ्यांनी त्या दाखवल्या आहेत.

मी विलासला उत्तर लिहिलं: 'छान दिसतोय.'

तिथून आठ दिवस. मी स्वतःला सांगत होते की बाई तपासतीलच, विलासला स्वतःला दिसेलच, मला पक्कं करून मग सांगायला हवं. पण मनात एक चित्र होतं आणि ते मी रोज काढून बघायची. विलास बैठकीत उभा आहे, मागच्या रांगेतला कोणी हात वर करतो, त्या महिन्याबद्दल विचारतो, आणि विलासकडं उत्तर नाही. ते चित्र बघताना मला आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू, झोपही चांगली लागायची.

आठव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन केला. ती म्हणाली, "तुह्या बाबाचा नकाशा अख्ख्या गावानं पाह्यला." कोणता नकाशा, मी विचारलं. विलासनं तो बाबांच्या मोबाइलवर पाठवला होता. बाबा तो चहाच्या टपरीवर दाखवत होते. आपल्याकडचे ढगच कमी झाले, जर्मनीतून आलं हाये, असं सांगत होते. आणि आई पुढं म्हणाली की टेकडीचं वावर काढून टाकायचं ठरतंय. मनोज दोन वर्षं त्यासाठी मागं लागला होता, बाबा ऐकत नव्हते. आता ते स्वतःच म्हणाले, ढग नाही त वरच्या वावराले पाणी कुठून येईन? घेणारा तयार होता. शुक्रवारी बसून पक्कं करणार होते. तो बुधवार होता.

मी आईला म्हटलं, बाबांना फोन दे. ते गोठ्याकडं होते. ते येईपर्यंत मी ऑफिसबाहेरच्या पायऱ्यांवर उभी होते आणि मला कळत होतं की आता जे बोलायचं ते नीट बोलावं लागेल. बाबा, तुम्हाला नाही समजायचं, असं म्हणता येणार नव्हतं.

मी सांगितलं. नकाशा चुकला आहे. ढग कमी झाले नाहीत, पाहणारा बदलला. आधीचा बाजूनं पाहायचा, नंतरचा वरून. बोलता बोलता माझे शब्द अडखळायला लागले, कोनासाठी मराठी शब्दही पटकन सापडेना. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"म्हंजे धुऱ्यावर, कडेले उभं राहून पाह्यलं त पऱ्हाटीचं वावर पांढरंफटक दिसते. अन् आत शिरलं का तासातासात, दोन ओळींत माती दिसते. कापूस तेवढाच हाये."

"हो बाबा. तेच."

"मंग तसं सांग ना."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. इतक्या वर्षांत या गोष्टीसाठी मी इतकं सोपं वाक्य कधी बोलले नव्हते. पण बाबा थांबले नाहीत. "तुले कवा समजलं हे?"

"आठ दिवस झाले."

"मंग आठ दिवस बोलली काहून नाही? त्या पोट्ट्याले सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

पायऱ्यांवरून लोक जात-येत होते. मी म्हणाले, "मला त्याचा राग येत होता, बाबा. तुम्ही त्याला वरचं वावर दाखवलं."

मला वाटलं ते रागावतील, किंवा हसतील. बसस्टँडवर हसले होते तसे. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तो म्हने, काकाजी, वर जाऊ. म्हनून गेलो. तू कवा म्हनली?" आणि पुढं, "आधी त्याले सांग. मले काय, मी थांबतो."

मी आत गेले. विलास जेवून आला होता. त्याला मी पडद्यावर तो महिना दाखवला. त्याला समजायला मिनिटही लागलं नाही, त्याचा चेहराच सांगत होता. "बरं झालं ताई, तुमच्या ध्यानात आलं," तो म्हणाला. तिथंच थांबता आलं असतं. मी म्हणाले, मला हे तू फाइल पाठवलीस त्याच दिवशी दिसलं होतं.

मग त्यानं 'ताई' न म्हणता विचारलं, "तुमी मले तिथं उभं राहू देनार होत्या?"

मी खरं तेच सांगितलं. बहुतेक हो.

तो त्या आठवड्यात माझ्याशी बोलला नाही. दुरुस्ती लावून त्यानं नकाशा पुन्हा काढला. विदर्भावरचा डाग जवळजवळ पुसला गेला. बैठकीत त्यानं दोन्ही नकाशे शेजारी शेजारी दाखवले, आपण कुठं चुकलो ते सांगितलं, आणि ही चूक कोणी शोधली ते माझं नाव घेऊन सांगितलं. आठ दिवसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोक माझ्याकडं वळून पाहत होते, बाई मान हलवत होत्या. त्या खुर्चीत मला त्याचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मला हे जमलं नसतं.

बाबांनी शुक्रवारची बोलणी थांबवली. टपरीवर जाऊन नकाशा चुकला होता हेही सांगितलं. त्यांना ते सोपं गेलं नसणार. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी टेकडीचं वावर दिलंच. गुडघे चढू देत नव्हते. मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, "ढगापायी नाही दिलं. पायापायी दिलं." त्यांना स्वतःच्या विनोदावर खूप हसू आलं. मी मात्र त्या वावरात सातवीनंतर गेलेच नाही, आणि आता ते आपलं नाही.

विलास दोन वर्षांनी परतला. नागपूरला शिकवतो. आमच्यात बोलणं पुन्हा सुरू झालं, पण त्या पहिल्या तासासारखं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो वणीला जातो तेव्हा वाट वाकडी करून आमच्या गावी डोकावतो. आई फोनवर सांगते, परवा विलास येऊन गेला. मी म्हणते, हो का. आणि अजूनही आत काहीतरी जळतं. इथं माझ्या शेजाऱ्यांकडं मोठी घरं आहेत, बागा आहेत. त्यांचा मला कधी हेवा वाटत नाही. बाबांच्या शेजारी खाटेवर बसणाऱ्या कोणाचाही वाटतो. म्हणून घर कुठलं, हे मला कधी आठवून पाहावं लागलं नाही.

गेल्या डिसेंबरात मी घरी गेले. अंगणात विलासची मोटरसायकल उभी होती. बाबा आणि तो खाटेवर फवारणीच्या पंपाचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसले होते. आईनं चहा आणला. त्या दोघांना स्टीलचे ग्लास आणि मला फुलांची नक्षी असलेला कप, काचेच्या कपाटातला, पाहुण्यांचा. मी तो हातात घेतला आणि मोटरसायकल पाहिल्यापासून साठलेलं सगळं त्या कपावर निघालं. मी म्हणाले, "मले काहून कपात? मी काय पाहुणी हाये?"

कित्येक वर्षांनी तोंडातून 'मले' निघालं होतं. विलासनं पंपातून डोकं वर काढलं. बाबाही बघायला लागले.

आईला माझ्या रागाचं कारणच कळलं नाही. ती पदरानं हात पुसत म्हणाली, "अवं, तुले गिलासाचा चटका बसते ना. लहानपनापासून."

मी कप दोन्ही हातांत धरला आणि खाटेवर बसायला गेले. बाबांनी पंप उचलून बाजूला केला आणि विलास न सांगता सरकला.